चुलीवरचा रूळ

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं सासऱ्याची निंदा केली. निंदा करायची नाही मला. झालं ते सांगायचं आहे, आणि सांगताना राग आला तर तो गिळणार नाही. गिळून गिळून खूप झालं.

आमचं गाव हिंगोली आणि वसमतच्या मधे, छोट्या लाईनवर. मीटर गेजला आमच्याकडं छोटी लाईनच म्हणायचे. आमच्या स्टेशनापासून जुन्या जिनिंगपर्यंत पाऊण मैलाचा एक फाटा होता, निजामाच्या काळात कापसाच्या गाठी न्यायला घातलेला. जिनिंग माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी बंद पडलं. मी सून होऊन आले तेव्हा फाट्यावर बाभळी आणि घाणेरी माजलेली होती, आणि लोक तिकडं सकाळी लोटा घेऊन जायचे, एवढाच त्याचा उपयोग.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. ते रेल्वेत गँगमन होते. उन्हातान्हात रूळ तपासत चालायचे, हातोडीनं ठोकायचे, आवाजावरून सांगायचे की रूळ धड आहे की तडकलाय. रिटायर होऊन घरी बसले तरी कान तिकडंच. गाडी जात असली की बोलता बोलता थांबायचे. त्यात आमचा जिल्हा परभणीपासून वेगळा झाला, आणि बातमी आली की कधी ना कधी छोटी लाईन उखडून मोठी टाकणार. मामांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग त्यांनी डोक्यात घेतलं की मोठी लाईन येवो न येवो, आपला जिनिंगचा फाटा आपण जागा करायचा. श्रमदानानं. एका मोठ्या साहेबानं गावाला तोंडी सांगितलं होतं म्हणे, की या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्रॉली चालवून दाखवा, मग हा फाटा जुनी आठवण म्हणून ठेवायचा विचार करू. म्हणे! पण मामांना तेवढं पुरलं.

त्याच हिवाळ्यात माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. मी दहावी पास. परभणीला नर्सबाईचा दीड वर्षाचा कोर्स होता, राहायची सोय तिथंच. वयाची अट होती, आणि त्या अटीत मी त्या एकाच वर्षी बसत होते. लेक पाच वर्षांची झाली होती, आत्या म्हणजे सासूबाई तिला सांभाळायला तयार होत्या. घरात मला कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. पण पहाटे पाचला जी चुलीपुढं बसायची ती... दहा बाय बाराची खोली, खिडकी नाही, वर माळवदाची माती, खाली मी. श्वास घ्यावा तर धूर. मला कधी कधी वाटायचं, भांड्यांसारखं मलाही कुणीतरी फळीवर पालथं घालून ठेवलंय. मला तिथून बाहेर पडायचं होतं, स्वतःच्या पगारावर. दुसरं काही नाही.

मी मामांना विचारलं. फॉर्म मी भरून पाठवला होता, पण प्रवेशाच्या वेळी घरच्या कर्त्या माणसाची संमतीची सही लागणार होती, आणि कर्ता माणूस म्हणजे ते. आमचे हे हिंगोलीला ट्रकच्या गॅरेजात कामाला. गाडीचं इंजिन उघडायला भिणार नाहीत, पण बापापुढं तोंड उघडायचं म्हणलं की जीभ टाळूला.

मामा तेव्हा पारावर बसले होते. चार माणसं होती. ते म्हणाले, "जा की. न्हाई कोण म्हणतंय? पण आधी लाईन. ज्या दिवशी ट्रॉली टोकापस्तोर जाईल, त्या दिवशी मी सोता तुला परभणीला घेऊन जाईन. शब्द हाय माझा."

चार माणसांतला शब्द. मी वेडी, हरखून गेले. दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन फाट्यावर हजर.

सुरुवातीला गडीच होते, आणि तेही आठ-दहा. गावची सून आली म्हटल्यावर बाया कुजबुजल्या, मग बघायला आल्या, मग राहिल्या. हळदीची कामं उरकली तशी गर्दी वाढली. पिवळ्या हातांनी बाया खडी वाहायच्या. तांड्यावरची माणसं बैलं घेऊन यायची, बाभळीची खोडं साखळदंडानं ओढायची. गावचे लोहार चाचा रुळाला रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटांचे नटबोल्ट भट्टीत तापवून मोकळे करून द्यायचे. आठवड्यातून दोन दिवस काम चालायचं. खरं सांगू? ते दिवस मला आवडायचे. डोक्यावर छप्पर नाही, समोर मोकळं रान, आणि दर खेपेला मी मनात म्हणायची, एवढी खडी कमी झाली, एवढी परभणी जवळ आली.

मामांनी मला रूळ ठोकायला शिकवलं. हातोडी दिली आणि म्हणाले, "आयक. धड रूळ बोलतो. फुटका रूळ नुसता भद्द करतो." आठ दिवसांत मला डोळे मिटून ओळखता यायला लागलं. "पोरीला कान हाय," असं ते चाचांना म्हणाले. मला बरं वाटलं. का खोटं बोलू?

बाभळी निघाल्या, माती निघाली, आणि मग कळलं की निम्मा फाटा जमिनीवर नाहीच. तो गावाच्या डोक्यावर आहे. जिनिंग बंद पडल्यावर लोकांनी रूळ कापून नेले होते, आणि कुणाच्या गोठ्याला तुळई, कुणाच्या ओट्याला आडवण, कुणाच्या नालीवर पूल असे ते बसले होते. लाकडाला वाळवी लागते, रुळाला लागत नाही. गावानं तेवढं शहाणपण केलं होतं.

मामा घरोघर गेले. त्यांच्यामागं मी, वही घेऊन, कुणाकडून किती फूट ते लिहायला. मामा दारात उभे राहून सांगायचे, "ही चोरी हाय. तीस वर्सं झाली म्हणून ती मालकी होत न्हाई." लोक ओशाळायचे. एकदोघं भांडले, पण मामांपुढं कुणाचं फार चाललं नाही. सगळ्यात आधी चाचांनी दिले. भट्टीच्या छपराचे दोन तुकडे स्वतः उतरवले, बाभळीचे वासे घातले आणि म्हणाले, "बराबर है. जिसका था उसको गया." मग एकेक तुकडा बैलगाडीतून फाट्यावर येऊ लागला. लोकांनी गोठ्यांना टेकू दिले, छपरं वाकडी झाली, पण दिले.

मे महिन्यात परभणीहून कार्ड आलं. माझी निवड झाली होती. जूनमधल्या एका सोमवारी संध्याकाळपर्यंत कागद आणि संमती घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. मी ते कार्ड मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "होतंय की तवर. किती राहिलंय?" खरंच फार नव्हतं राहिलं.

त्यानंतर चार-सहा दिवसांची गोष्ट. सकाळी भाकरी करत होते. वर तुळईवर पाल आली, ती हाकलायला मी फुंकणी उचलून मारली. फुंकणी लोखंडाची. पाल पळाली. पण तुळई बोलली.

मी पुन्हा मारली. मातीनं, धुरानं, काजळीनं आवाज दबलेला होता, पण तो लाकडाचा नव्हता. तव्यावरची भाकरी करपली. मी पाटावर चढले, उलथन्यानं काजळी खरवडली, माती खरवडली, आणि खालून रुळाचा पाय, म्हणजे तळाची चपटी पट्टी, दिसला. धड रूळ. आठ वर्षं मी त्याच्याखाली बसून स्वयंपाक करत होते आणि त्याला लाकूड समजत होते.

आत्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. उतर खाली." म्हणजे त्यांना माहीत होतं.

मामा ओट्यावर दाढी करत होते. मी जाऊन उभी राहिले. "मामा, चुलीवर रूळ हाय."

त्यांनी वस्तरा थांबवला नाही. "म्हाईत हाय."

"तुमाला म्हाईत हाय?"

"मीच घातला तर मला म्हाईत नसंल? तुझा नवरा जल्मला त्या साली. समदं गाव नेत होतं. मी बी नेला."

"मग लोकांच्या दारात चोरी चोरी करत फिरलो ते?"

आता वस्तरा थांबला. गालाला साबण तसाच. "म्हणून तर," ते म्हणाले. "आता मी कोणत्या तोंडानं सांगू?"

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट बसत गेली. रूळ चुलीवर आहे, म्हणजे फाटा पुरा होणार नाही, आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत. "मग मला शब्द काहून दिला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, शेजारी ऐकू गेला असेल. "लाईन होणारच न्हाई हे म्हाईत असून?"

त्यांनी गालाचा साबण पंचाला पुसला आणि म्हणाले, "तू आली म्हणून बाया आल्या. बाया आल्या म्हणून काम झालं. कुठून तरी एक तुकडा पैदा होईल असं वाटलं मला."

माझं रक्त उकळलं. चार महिने मी डोक्यावर खडी वाहिली ती परभणीसाठी, आणि या माणसानं मला गळाला लावलेल्या गांडुळासारखं वापरलं. हे मी तेव्हा त्यांना म्हणाले नाही. आज म्हणते.

माझ्या मुदतीच्या सोमवाराआधीच्या शुक्रवारी सगळे तुकडे जुळवून झाले. जिनिंगच्या फाटकाजवळ डाव्या बाजूला बारा फूट कमी पडलं. सगळ्यांनी मामांकडं बघितलं, मामांनी खाली बघितलं. कुणीतरी म्हणालं, "लोखंड कुठं जाईल? लोहाराच्या घरी." आधी हसण्यावारी, मग हसणं थांबलं. दहा-पंधरा माणसं भट्टीकडं निघाली. ज्यानं सगळ्यात आधी दिलं त्याच्याकडं!

चाचांनी कुणाला अडवलं नाही. पेटी सरकवली, कोळशाचा ढीग फावड्यानं बाजूला केला, घरातल्या बायकांना बाहेर यायला सांगितलं आणि म्हणाले, "देखो. आराम से देखो. तकलीफ नाही." त्यांच्या कपाळाला घाम होता, पण भट्टी त्या दिवशी बंद होती. मामा बाहेर लिंबाखाली उभे. मी त्यांच्याकडं बघत राहिले, आता बोलतील, आता बोलतील. नाही बोलले.

मी बोलले. "तुकडा आमच्या घरात हाय. चुलीवर. मी बघितलाय."

एकजण हसला. दुसरा म्हणाला, "परभणीला जायची घाई झाली वाटतं सूनबाईला." तिसऱ्याला राग आला. ज्या माणसानं फाटा उभा केला त्याच्यावर आळ? तेही सुनेनं? चोराच्या उलट्या बोंबा म्हणून मलाच ऐकवलं. मी म्हणाले, "चला ना मग. हे काय घर. फुंकणी मारून बघा." एक माणूस हलला नाही. लोहाराच्या घरात सगळे घुसले होते, गँगमनच्या दारात पाऊल टाकायला कुणी तयार नव्हतं. मामांना कुणी विचारलंही नाही. ते मला एवढंच म्हणाले, "घरी जा."

गेले. दुसरीकडं कुठं जाणार? दिवसभर त्या खोलीत बसले. वर रूळ, खाली चूल, तीन दिवसांवर सोमवार. रडूनही झालं.

संध्याकाळी हे आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी फुंकणी घेतली, तुळईला एकदा मारली, ऐकलं, आणि जेवून झोपले. मी मनात म्हणाले, झालं, बापाचं पोर. पण शनिवारी संध्याकाळी हे गॅरेजातून आले ते ट्रकचा जॅक आणि दोन सागवानी ओंडके टेम्पोत घालून. बापापुढं बोलले नाहीत ते नाहीतच. रविवारी सकाळी माळवदावर चढले आणि फावड्यानं माती खाली लोटायला लागले. मिरगाच्या तोंडावर घराचं छप्पर उघडायचं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. मी खालून टेकू धरले. जॅक तुळईखाली लावला, इंच इंच वर घेतला, रूळ सुटला. धडाधडा माती पडली, चूल बुजली, पिठाचा डबा बुजला. मामा अंगणात बाजेवर बसून होते. त्यांनी मनाही केली नाही आणि हातही लावला नाही.

रूळ अंगणात पडलेला गावानं बघितला. कुणीही बघावं, बारा फूट, बरोबर. आता लाजतील असं मला वाटलं होतं. कसलं काय! दुपारपर्यंत पारावर ठरलं की गँगमन माणूस, रेल्वेनंच दिला असेल बक्षीस म्हणून, आणि बघा कसा मनाचा मोठा, घराचं छप्पर मोडून दिला! आपला तो बाब्या. चाचांकडं माफी मागायला कुणी गेलं नाही. तेच आले, बैलगाडीत रूळ चढवायला हात लावला. मला म्हणाले, "बेटी, तू बोली. बस."

सोमवारी सकाळी रूळ बसला. फिशप्लेट लागल्या, मी हातोडी मारून बघितली, बोलला. ट्रॉली जुन्या जिनिंगमधल्या चाकांवर चाचांनीच बांधलेली होती, ती स्टेशनाच्या टोकाला तयार. अकरा वाजले होते. आत्ता चालवली असती तर दुपारच्या गाडीनं पूर्णा, तिथून परभणी, चारला पोचलो असतो. मी पिशवी बरोबर आणली होती.

आणि एक म्हातारा म्हणाला, "आज आवस हाय."

सोमवती अमावस्या. नवी गाडी अमावस्येला काढायची? आजवर कुणी काढली आहे? सगळे थबकले. नारळ परत पिशवीत गेला. मी म्हणाले, "माझा आजचा शेवटचा दिवस हाय. मामा, तुमी सांगा त्यांना." मामा आयुष्यभर अमावस्या-पौर्णिमा न बघता रुळावर चाललेले. त्यांनी लोकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी काढू आन् उद्याच जाऊ. एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

कुणी म्हणेल, तू एकटी का गेली नाहीस? विचारणाऱ्यानं आधी सासरी राहून बघावं. सही त्यांची. शब्द त्यांचा. ट्रॉली चालली नव्हती, आणि माझ्या पायांत त्या गावानं जे काही बांधलेलं होतं ते मला तोडता आलं नाही. आजही मी स्वतःला माफ केलेलं नाही. मी पिशवी उचलली आणि घरी आले. स्वयंपाक उघड्यावर तीन विटा मांडून केला.

मंगळवारी ट्रॉली चालली. हळद-कुंकू, नारळ, हलगी. मामांनी स्वतः ढकलली, टोकापर्यंत. बायांनी मला ओढून वर बसवलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी घड्याळ बघत होते. टोकाला पोचल्यावर मामांनी घाम पुसला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द. चल पोरी."

शब्द पाळला त्यांनी. तसेच निघालो, धोतराला खडीची धूळ तशीच. पूर्णेला गाडी बदलली. परभणीला ऑफिसात पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन.

खिडकीतल्या बाबूनं कार्ड बघितलं. "मुदत काल होती," तो म्हणाला. "तुमची जागा सकाळी पुढच्या मुलीला दिली. ती येऊन, सही करून गेली."

मला ते आधीपासून माहीतच होतं बहुतेक. पण मामांनी खिडकीच्या गजांना धरलं. त्यांनी टोपी काढली. आठ वर्षांत मी त्यांना कुणापुढं टोपी काढताना बघितलं नव्हतं. "साहेब," ते म्हणाले, "पोरीची चूक न्हाई. समदी चूक माझी हाय. रूळ मी चोरला. मी लपवला. दुसऱ्याच्या घराची झडती झाली तवा मी गप बसलो. काल पोरीनं सांगितलं होतं, आजच शेवट हाय, आन् मी आयकलं न्हाई. शिक्षा करायची तर मला करा."

मागं रांग होती. माणसं बघत होती. त्या बाबूला कसला रूळ आणि कसली झडती, काय कळणार? तो बिचारा भला माणूस होता. म्हणाला, "बाबा, माझ्या हातात नाही हो."

मला त्या क्षणी मामांची कीव आली नाही, राग आला. जे शब्द शुक्रवारी लिंबाखाली पाहिजे होते, सोमवारी रुळावर पाहिजे होते, ते हा माणूस परक्या गावात परक्या माणसाला देत होता. मी त्यांच्या हातातली टोपी घेतली, त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "चला."

स्टेशनवर बाकड्यावर बसलो. त्यांनी मला चहा आणून दिला. मग म्हणाले, "पुढच्या साली येऊ. पुढच्या साली मी आधी आठ दिवस येऊन बसतो की न्हाई बघ. व्हय की न्हाई?"

"पुढचं साल न्हाई, मामा," मी म्हणाले. "वयाची अट हाय. मी यंदाच बसत होते. एवढ्या एकाच साली."

ते माझ्याकडं वळले. "मला काहून सांगितलं न्हाई?"

"तुमी इचारलंच न्हाई."

पूर्णेची गाडी लागली. मी पिशवी घेऊन डब्यात चढले. मामा बाकड्यावरून उठले नव्हते. गार्डनं शिट्टी मारली तेव्हा मी दारात उभी राहून हाका मारल्या, दोन-तीन वेळा, मोठ्यानं. मग ते उठले.